भाग्यवान मरण

झोपेत गेलेल्या माणसाला भाग्यवान म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. भेटायला आलेला माणूस दारात चपला काढतो, सतरंजीवर टेकतो आणि मग हे वाक्य काढतो. नव्वदीच्या म्हाताऱ्यासाठी ते ठीक असेल. माझी ताई पंचविशीची होती. त्या दिवशी आमच्या घरात ते इतक्या तोंडांतून निघालं, की आज इतक्या वर्षांनीही कुणी म्हणालं की मला मळमळतं.

बुधवार पेठेत आमचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं आणि त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आम्ही राहायचो. बाबा, आई, ताई आणि मी. टीव्ही नुकते पुण्यात आले होते, पण बाबा अजून रेडिओचेच होते. त्यांच्या दुकानात पाटी होती : ‘आम्ही खोटे बोलत नाही. कृपया ऐकवूही नये.’ ही नुसती पाटी नव्हती. गिऱ्हाइकाला ते तोंडावर सांगत, “दुरुस्त होईल, पण किती दिवस चालेल ते मी सांगणार नाही. खात्री हवी असेल तर शेजारी जा, तिथे वाटेल ती खात्री मिळते.” लोक चिडायचे आणि पुन्हा त्यांच्याकडेच यायचे. बाबांच्या शब्दाला पेठेत किंमत होती. आम्हा मुलींनाही त्याचा केवढा तोरा होता.

ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. शाळेत असतानाच तिला फिट यायला लागल्या. घरात त्या आजाराचं नाव कुणी घेत नसे. ‘तिचं ते’ म्हणायचे. “तिचं ते झालं का गं परत?” असं आत्या दारातून विचारायची, तेही आवाज खाली आणून.

एकदा एका लग्नात, कार्यालयात पंगत बसायच्या वेळी ताई कोसळली. मी शेजारी होते. गर्दी अशी जमली, की तिच्यापर्यंत वारा पोचेना. कुणी तिच्या मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबला, कुणी कांदा आणायला धावलं, एकाने दात उघडायला चमचा घातला आणि तिच्या पुढच्या दाताचा टवका उडवला. मग एक गृहस्थ पुढे आले. शालजोडी, टोपी, सगळं लग्नातलं. त्यांनी पायातली चप्पल काढली आणि ताईच्या नाकावर दाबून धरली. मोरीतून आलेली ओली चप्पल होती ती, कडेला भिजलेला भात चिकटलेला. मी त्यांचा हात ओढला तर मला म्हणाले, “पोरी, मोठ्यांना कळतं.” ताईचं अंग आपोआप सैल पडलं, तशा फिट आपोआपच थांबतात. पण गृहस्थांनी अशा चेहऱ्याने चप्पल पायात घातली जणू प्राण त्यांनीच परत आणले. नंतर त्याच हाताने त्यांनी जिलबी खाल्ली असणार. आम्ही पाहिलं नाही, कारण आईने आम्हाला न जेवताच घरी आणलं. तिला लाज वाटली होती. चपलेची नाही, ताईची.

घरी आल्यावर ताई गादीवर पडून होती. जीभ सुजलेली, बोलणं बोबडं. मला म्हणाली, “कोल्हापुरी होती का गं निदान?”

अशी होती ती. तिच्याबद्दल कणव वाटायला ती वेळच देत नसे.

त्यानंतर कुणीतरी टिळक रोडवरच्या एका डॉक्टरांचं नाव सुचवलं. आम्ही चौघंही गेलो. डॉक्टर कमी बोलणारे होते. त्यांनी आधी चमच्याबद्दल आणि चपलेबद्दल बाबांना झापलं, मग गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, “नीट ऐका. गोळी रोज घ्यायची. एक दिवससुद्धा स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. अचानक बंद केली तर झटका जोरात येतो, झोपेतही येतो. आणि झोपेत आलेल्या झटक्यातून काही माणसं उठत नाहीत. तरुण, धडधाकट माणसं. मला हे सांगायला आवडत नाही, पण न सांगणं मला जास्त वाईट वाटतं.”

“अहो डॉक्टर, असं अभद्र नका हो बोलू,” आई म्हणाली. जिना उतरताना बाबा म्हणाले, “या लोकांना घाबरवल्याशिवाय चैन पडत नाही.” डॉक्टरांचं ते झोपेतल्या झटक्याचं वाक्य आमच्या घरात पुन्हा कुणी उच्चारलं नाही. पण गोळ्या आल्या आणि फिट थांबल्या. महिने गेले, मग वर्षं गेली. ताई बी.ए. झाली. मोरीच्या दाराला आतून कडी लावायची नाही, एवढा नियम मात्र राहिला. ती अंघोळ करताना गाणं म्हणायची, आणि गाणं थांबलं की मी दार ढकलायचं, असं आमचं ठरलेलं होतं. पुष्कळदा ती मुद्दाम मध्येच थांबायची आणि मी धावत गेले की माझ्या तोंडावर तांब्याभर पाणी मारायची.

तिला एका गोष्टीचं दुःख होतं. सायकलचं. त्या वेळच्या पुण्यात सायकल नसलेली मुलगी म्हणजे एका पायाची मुलगी. तिच्या सगळ्या मैत्रिणी घोळक्याने सायकलवरून जायच्या आणि ही फूटपाथवरून चालत. डॉक्टरांनी सायकलला सक्त मनाई केली होती. गोळ्यांनी हिरड्याही सुजल्या होत्या, हसली की दिसायच्या. “हसताना तोंड मिटून हसत जा,” आई सांगायची. ताई म्हणायची, “मिटून हसतात ते दुकानदार.”

मग स्थळं यायला लागली.

पहिल्या स्थळाला बाबांनी सगळं खरं सांगितलं. पोहे खाऊन झाल्यावर, तिच्या देखत. मुलाकडच्यांनी ऐकून घेतलं, चहाही प्यायले, आणि पत्रिका जुळत नाही असा निरोप पाठवला. पत्रिका आधी जुळवूनच आले होते ते! दुसऱ्यांची जुळली नाही, तिसऱ्यांचीही नाही. एवढे सुशिक्षित लोक, पण “आम्हाला भीती वाटते” एवढं म्हणायची हिंमत एकाच्याही तोंडात नव्हती. सगळा दोष बिचाऱ्या ग्रहांवर. दर वेळी निरोप आला की ताई मला विचारायची, “या वेळी कोण आडवा आला? शनी की मंगळ?” आणि मग बराच वेळ गॅलरीत जाऊन उभी राहायची.

बाबा खचत चालले होते. खरं बोलून पोरगी घरात राहत होती आणि खोटं बोलायला जीभ रेटत नव्हती. तेव्हा मामा आला. आईचा धाकटा भाऊ, कोर्टात कारकून. वकिलांच्या सहवासात त्याला वाक्य कुठे मोडायचं ते चांगलं कळायला लागलं होतं.

“भाऊजी, तुम्हाला खोटं बोला असं कोण म्हणतंय?” तो म्हणाला. “तिला शेवटचा झटका येऊन किती वर्षं झाली? झाली ना पुष्कळ? मग ते खरंच आहे. राहिली ती गोळी. ते विचारतात, काही औषध चालू आहे का. गोळी बंद करा. मग चालू नाही म्हणून सांगा. यात खोटं कुठे आलं?”

मी तिथेच भाजी निवडत होते. बाबांचा चेहरा मला अजून दिसतो. कित्येक महिन्यांनी त्या चेहऱ्यावर आराम आला होता. पोरीचा आजार बरा झाल्याचा नव्हे, आपला शब्द वाचल्याचा आराम. खोटं बोलणारा बाप मला चालला असता. हजार बाप बोलतात, आणि त्यांच्या मुली चोरून का होईना गोळ्या घेतात, जगतात. आमच्या बापाला खोटं बोलायचं नव्हतं, म्हणून त्याने मुलीचं औषध काढून घेतलं आणि वाक्य खरं करून घेतलं.

मी म्हणाले, “डॉक्टर काय म्हणाले होते विसरलात?”

“तू भाजी निवड,” आई म्हणाली.

ताईने विरोध केला नाही. तिला तो करायला हवा होता असं म्हणणारे मला नंतर भेटले. त्यांनी एकदा पोह्यांची बशी घेऊन परक्या माणसांसमोर उभं राहावं आणि मग बोलावं. शिवाय बाबांनी तिला सायकल आणून दिली. औषध बंद म्हणजे रोग गेला, आणि रोग गेला म्हणजे सायकलला हरकत काय, असा तो हिशेब. हिरवी, लेडीज, पुढे जाळीची टोपली. ताई गल्लीतच शिकली, पडली, उठली, आणि आठवडाभरात लक्ष्मी रोडवरून सुटली. गोळीने येणारी गुंगी गेली होती. हिरड्यासुद्धा हळूहळू उतरल्या. आई कौतुकाने तिचा ओठ वर करून शेजारणीला दाखवायची, घोडा विकायला काढल्यासारखा. “बघा, किती छान झाल्या!” ताई सुखात होती, हे मी नाकारत नाही. तेच तर आठवलं की जास्त किळस येते. तिला विष सायकलच्या टोपलीत घालून दिलं होतं.

पुढचं स्थळ आलं. मुलगा बँकेत, माणसं बरी. मुलाच्या आईने ठरलेला प्रश्न विचारला आणि बाबा ताठ मानेने म्हणाले, “तिला कसलंही औषध चालू नाही.” पत्रिका जुळली. साखरपुडा ठरला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, एका सकाळी ताईच्या उशीवर मला रक्त दिसलं. रुपयाएवढा डाग. तिची जीभ कडेने फाटली होती, अंग ठणकत होतं आणि रात्री काय झालं ते तिला आठवत नव्हतं. मी आईला हाक मारली. आईने पाहिलं. तिला कळलं. मी शपथेवर सांगते, तिला कळलं, कारण तिने आधी दार लोटून घेतलं. मग तिने उशीचा अभ्रा काढला, मोरीत नेऊन भिजत घातला आणि म्हणाली, “झोपेत दात लागला असेल. सुपारी खाऊन झोपते ही.”

मी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेले. दुकानदार आम्हाला ओळखायचे, गोळ्या त्यांच्याकडूनच यायच्या. “वडिलांना पाठव,” ते म्हणाले. “त्यांनीच बंद करायला सांगितल्यात ना?” मी विनवणी केली. त्यांनी गोळ्या दिल्या नाहीत, पण दुपारच्या चहाला बाबांच्या दुकानात जाऊन ही बातमी मात्र दिली. पुण्यात दुपारी दुकानं बंद असतात, तोंडं नसतात.

बाबा वर आले आणि त्यांनी माझ्या थोबाडीत मारली. आयुष्यातली पहिली. मी ओरडले, “तिला काल झटका आलाय! उद्या मरेल ती! साखरपुड्याचं नंतर बघा, पण आज गोळी द्या!”

बाबा शांतपणे म्हणाले, “मी त्या लोकांना शब्द दिलाय, गोळी चालू नाही म्हणून. आज चालू केली तर माझा शब्द खोटा ठरतो.”

आई खाली मान घालून बसली होती. ताई खिडकीपाशी. तिने मला आत नेलं, माझ्या गालाला थंड पाणी लावलं. म्हणाली, “राहू दे गं. लग्न होऊ दे. मग मी त्याला सांगेन आणि घेईन. माणूस बरा वाटतो.” आणि थोड्या वेळाने, “नाही सांगवलं, तर चोरून घेईन. माझा काही शब्द गेलेला नाही.”

साखरपुड्याच्या आदल्या आठवड्यात ती गेली. सकाळी ती उठली नाही. मी दूध तापत ठेवून तिला उठवायला गेले. ती पालथी होती, तोंड उशीत खुपसलेलं, एक हात गादीबाहेर पडला होता. हात गार होता. एकाच खोलीत, हाताच्या अंतरावर मी झोपले होते आणि मला काहीही ऐकू आलं नव्हतं. मोरीत ती गायची, म्हणून गाणं थांबल्याचं कळायचं. झोपेत कोण गातं?

दूध उतू गेल्याचा वास घरभर पसरला, आणि त्या वासात माणसं यायला लागली.

खालच्या मजल्यावरच्या काकू पहिल्या. “झोपेतच गेली? भाग्यवान हो पोर!” मग आत्या. मग औषधाचे दुकानदार, सोवळ्या चेहऱ्याने. मामा आला आणि रडला, आणि त्याचं रडणं खरं होतं, याचीच मला जास्त शिसारी आली. सगळे भाग्यवान म्हणत होते. त्रास नाही, वेदना नाही, पुण्यवान. तिची जीभ दातांत अडकून निळी पडली होती. ते तोंड मी पाहिलं होतं. आईने त्यावर पटकन पदर टाकला होता, उशीचा अभ्रा काढला होता त्याच हाताने.

दाखला द्यायला गल्लीतले डॉक्टर आले. टिळक रोडवरचे नव्हेत. त्यांना बोलवायचं नाही, असं न बोलताच ठरलं होतं. गल्लीतल्या डॉक्टरांनी विचारलं, “काही आजार? औषध वगैरे?”

“कसलंही औषध चालू नव्हतं,” बाबा म्हणाले.

या वाक्यात एक अक्षरही खोटं नव्हतं.

मुलाकडचे लोकही आले. मुलगा जिन्यातच भिंतीला टेकून उभा राहिला, वर येववेना त्याला. त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्याची काकू उतरताना दुसरीला म्हणाली, “काहीतरी असणारच हो. आपलं नशीब, साखरपुड्याआधीच निस्तरलं.” ते ताईच्या आईने ऐकलं, बापाने ऐकलं, आणि दोघांनीही त्यांना पायऱ्या जपून उतरायला सांगितलं. हिरवी सायकल जिन्याखाली होती. ती महिनाभरात मामाच्या मुलीकडे गेली.

पुढे काय, तर काहीच नाही. बाबांनी दुकान चालवलं. पाटी तशीच राहिली. रोज कॉलेजला जाताना मी ती वाचायचे. राग कधीतरी विझतो, तसा माझाही विझला. किळस विझत नाही. ती पदार्थाला लागलेल्या रॉकेलसारखी राहते, कितीही धुवा.

आई गेल्यावर बाबा माझ्याकडे राहायला आले, वारज्यात. दुकान तोवर विकलं होतं. त्यांना रक्तदाब होता, साखर होती. आणि मला कळलं, की काही आजारांना समाजात केवढा मान असतो! सकाळी सोसायटीच्या कट्ट्यावर म्हाताऱ्यांची बैठक भरायची आणि प्रत्येक जण आपापल्या गोळ्या सांगायचा, पदकं मोजावीत तशा. जेवणाच्या पंगतीत डब्या निघायच्या. “माझी जेवणाआधीची,” “माझी नंतरची.” लग्नाकार्यातसुद्धा. कुणी लाजत नसे, कुणी आवाज खाली आणत नसे. बाबा तर त्यात सगळ्यांच्या वरचढ. तब्येत विचारली की छाती काढून सांगायचे, “उत्तम! गोळी चालू आहे.”

मी ती गोळी रोज देत होते. पाण्याचा पेला आणि तळहातावर गोळी. मला उशीर झाला तर आतून हाक यायची, “अगं, गोळी! एक दिवससुद्धा चुकवायची नाही म्हणालेत डॉक्टर.” हे वाक्य ते माझ्याकडे बघून म्हणायचे. डोळ्यांत काहीही नसायचं. मी खूप शोधलं, वर्षानुवर्षं शोधलं. एकदा मी विचारलंच, “बाबा, ताई आठवते?” ते म्हणाले, “आठवते ना. फार हसायची.” आणि मग, “बिचारी झोपेत गेली. त्रास नाही झाला तिला.” मी पेला उचलून आत गेले.

तेही झोपेतच गेले. चांगले म्हातारे होऊन, पाठीवर, हात छातीवर घेऊन. सकाळी कट्ट्यावरची मंडळी आली. दारात चपला काढल्या, सतरंजीवर टेकली. त्यातल्या सर्वांत थोरल्यांनी ते वाक्य काढलं.

“झोपेत गेले. भाग्यवान हो!”

“हो,” मी म्हणाले. “त्यांची गोळी कुणी बंद केली नाही.”